रुग्णाच्या अंगावरचे पियर्सिंग : कधी काढावे, कसे काढावे

पियर्सिंग म्हणजे कातडीला छिद्र पाडून घातलेला दागिना. त्याला हात लावण्याआधी तो उघडतो कसा हे ओळखा. ओढाताण केली की कातडी फाटते, नाहीतर सुटलेला मणी घशात जातो. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच काढू द्या, त्याच्या बोटांना सवय असते.

काढायची गरज आहे का, हे त्याआधी ठरवा. एक्स-रे पोटाचा आणि रिंग कानात असेल तर ती राहू द्या. भूल देऊन घशात नळी घालायची असेल तर जीभ, ओठ आणि नाकातले काढावेच. एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी सगळेच काढा. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही हे खरे, पण धातू कोणता हे नुसते पाहून कळत नाही. शिवाय तो तापू शकतो आणि प्रतिमाही बिघडवतो. कॉटरी (विजेने कातडी कापणारे आणि रक्त थांबवणारे उपकरण) वापरायची असेल तेव्हा वर चिकटपट्टी लावून भागवू नका. पट्टीने दागिना हलायचा थांबतो, वीज अडत नाही. हृदय बंद पडले असेल तर मात्र काढण्यात क्षणही घालवू नका. शॉकचे पॅड दागिन्यावर न येतील असे लावा.

हातमोजे घाला. ओला मणी निसटतो, म्हणून कोरड्या गॉजने धरा.

दोन्ही टोकांना मणी असलेली दांडी असेल तर एक मणी घट्ट धरून दुसरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. जिभेत खालचा मणी धरून वरचा सोडवा. एकच मणी असलेल्या रिंगपाशी बहुतेकांची चूक होते. तिथे बहुधा आटे नसतात, मणी रिंगच्या ताणावर अडकलेला असतो. कितीही फिरवा, निघत नाही. रिंग आतून बाहेर फाकवणारी पक्कड लागते. साधी पक्कड उलट दाबते. काही दागिन्यांचे टोक सरळ ओढून निघते. दागिन्याची तळपट्टी कातडीखाली रुजलेली असेल तर वरचा खडाच फिरवून काढा, बाकीचे डॉक्टरांवर सोडा.

छिद्र टिकवायचे असेल तर धातू नसलेला रिटेनर (छिद्र उघडे ठेवणारी दांडी) घाला, विशेषतः ते नवे असेल तेव्हा. कानाच्या पाळीची जखम बरी व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात, बेंबीला ६ ते १२ महिने. तोवर दागिना निघाला की छिद्र काही तासांतही बुजू शकते. रिटेनर नसेल तर परिचारिका सलाईनच्या निर्जंतुक कॅन्युलाची (शिरेत घालायच्या नळीची) सुई काढून नुसती प्लास्टिकची नळी वापरू शकते. दांडी बाहेर येत असताना तिच्या मागोमाग नळी सरकवावी. गेजचा (जाडीच्या क्रमांकाचा) आकडा जुळवू नका, मिलिमीटर जुळवा : १४ गेजची दांडी १.६ मिमी असते, तर १६ गेजच्या नळीची बाहेरची जाडी साधारण १.७ मिमी.

छिद्रात पू झाला असेल तर स्वतःहून दागिना काढू नका. तोंड मिटले की पू आत कोंडतो आणि गळू होते. निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.

काढलेले सगळे भाग मोजा, सुटे मणीसुद्धा. नाव लिहिलेल्या डबीत ठेवून रुग्णाला किंवा नातेवाइकाला द्या आणि तशी नोंद करा. एखादा मणी कमी भरला आणि दागिना तोंडातला असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा.