लॅब्राचं वजन उतरवायचं तर आधी घरच्यांचे हात आवरा

कोल्हापुरात कुत्रं जाड होतं ते बुधवार, शुक्रवार आणि रविवारी. मटण शिजतं, रस्सा उरतो, चोखून झालेली नळी खाली जाते. शिजवलेलं हाड फुटून घशात, आतड्यात रुतू शकतं आणि रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक. म्हणजे वजनाचा विषय सोडला तरी हे दोन्ही बंदच.

आमचा शेरा लॅब्रा, म्हणजे लॅब्रॅडॉर. या जातीत बऱ्याच कुत्र्यांच्या एका जनुकात बदल असतो आणि त्यामुळं त्यांना भूक जास्त लागते, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघून वाढायचं नाही, काट्याकडं बघून वाढायचं.

आधी बरगड्या चाचपा. हात सपाट पसरल्यावर हाताच्या उलट्या बाजूची हाडं जशी लागतात तशा लागल्या, तर ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर डॉक्टरकडं जा, थायरॉईडचं विचारा आणि किती वजन हवं ते ठरवून घ्या.

आता हिशोब. ३८ किलोचं कुत्रं ३० वर आणायचं असेल, तर ३० किलोला धरून दिवसाला साधारण ९०० कॅलरी. त्यातला दहावा भाग खाऊसाठी बाजूला ठेवला की ८१० उरतात. कुत्र्याच्या खाण्याच्या पोत्यावर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी लिहिलं असेल तर ते झालं २३० ग्रॅम. पेल्यानं मोजू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. पेला प्रत्येकाच्या हातात वेगळा भरतो. नुसतं नेहमीचं खाणं निम्मं केलं तर प्रथिनंही निम्मी होतात, म्हणून वजन उतरवायचं खास खाणं डॉक्टरांना विचारा. नवीन खाणं आठवडाभरात हळूहळू मिसळत न्या.

आमच्याकडं खरं काम केलं ते स्टीलच्या डब्यानं. दिवसाचं सगळं सकाळीच त्यात भरायचं. कुणालाही लाड आले तर त्यातलाच दाणा द्यायचा. डबा रिकामा, दुकान बंद. आई म्हणायची, "एक चपाती घातली तर काय होतंय?" एका चपातीच्या शंभरेक कॅलरी, वर तूप वेगळं. तिच्या हातात आता काकडीच्या फोडी असतात, आणि शेराला दोन्हीत काही फरक वाटत नाही. उकडलेला घेवडा, गाजर, लाल भोपळाही चालतो, मीठ-फोडणी न घालता. म्हशीचं दूध मात्र नको. ते गंगावेशच्या दूधकट्ट्यावर माणसांनी प्यावं. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट तर मुळीच नको.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. त्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजा करायचं. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं की पुरे, म्हणजे ३८ किलोला चारशे ते साडेसातशे ग्रॅम. त्याहून भरभर उतरायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

तीन-चार आठवडे काटा हललाच नाही, तर डबा आणखी कमी करायच्या आधी शेजारी चौकशी करा. आमचा शेरा पलीकडच्या काकूंकडं रोज चहाच्या वेळी खारी खात होता.