सायलेन्सर फुटला, तर ठिगळ की नवा?

चिपळूणला पेपरची लाइन टाकतो. पहाटे पाचला चिंचनाक्यावर गठ्ठे उचलायचे, मार्कंडी करून पागेत जायचं, तिथून खेर्डी. गाडी २००९ ची हिरो होंडा स्प्लेंडर. गेल्या काही वर्षांत तिच्या सायलेन्सरला दोनदा ठिगळ लावलं आणि शेवटी तो बदलला. त्यात जे शिकलो ते लिहितोय, कारण पावसाळा संपला की आमच्याकडे दर चौथ्या गाडीचा आवाज फाटलेला ऐकू येतो आणि माणसं विनाकारण खर्चात पडतात.

मार्कंडीतल्या एक काकू मला एकदा म्हणाल्या, "अरे, तू पुलावर असतोस तेव्हाच मला कळतं. पण आमच्या सुनेचं बाळ उठतं रे." त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा गाडीखाली नीट वाकून बघितलं.

आधी गळती कुठे आहे ते शोधायचं. इंजिन थंड असताना गाडी चालू करा, हातात जाड मोजा घाला आणि ओलं फडकं सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर दोन-तीन सेकंद धरा. सायलेन्सर शाबूत असेल तर फडकं ढकललं जातं, इंजिन दबतं. कुठे भोक असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. हे उघड्यावरच करा. बंद गॅरेजमध्ये किंवा पडवीत गाडी चालू ठेवू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

गळती बहुतेक तीन जागी सापडते. पहिली, इंजिनच्या हेडला बेंड पाइप, म्हणजे सायलेन्सरचा पुढचा वाकडा पाइप, जोडला जातो तिथे. तिथे काळी काजळी दिसते आणि उतारावर रेस सोडली की फट-फट फटाके वाजतात. अशा वेळी सायलेन्सरला काही झालेलं नसतं, आतली गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर निसटू न देणारी चकती, गेलेली असते. वीस-तीस रुपयांचं काम. मी ओळखतो अशा दोघांनी एवढ्यासाठी अख्खा सायलेन्सर बदलला होता. दुसरी जागा मागच्या पट्टीची, जिथे सायलेन्सर चासीला बोल्टने धरलेला असतो. तिथलं वेल्डिंग कंपनाने सुटतं. तिसरी जागा पोटाखालची, आणि खरं दुखणं तिथेच असतं.

सायलेन्सर बाहेरून गंजतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो जास्त करून आतून कुजतो. पेट्रोल जळलं की धुरासोबत पाण्याची वाफही तयार होते. लांबच्या रस्त्यावर सायलेन्सर चांगला तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. पण माझ्यासारखी गाडी, दर पन्नास पावलांवर थांबणारी, बंद-चालू होणारी, ती पुरती तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, त्यात धुरातलं आम्ल मिसळतं आणि ते पोटात साचून राहतं. पत्रा आतून खाल्ला जातो. आपल्याला भोक दिसतं तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

माझ्या गाडीला त्यात पुराची भर पडली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गाडी सीटच्या वर बुडाली होती. पाणी उतरल्यावर इंजिन खोललं, ऑइल दोनदा बदललं, कार्बोरेटर धुतला. सायलेन्सर मात्र तसाच ठेवला, कारण गाडी चालू झाली आणि लाइन थांबवणं परवडणारं नव्हतं. आतला गाळ आतच राहिला. त्यामुळे ज्यांची गाडी कधी पाण्यात जाईल त्यांना कळकळीने सांगतो, सायलेन्सर उतरवा, उभा धरून स्वच्छ पाणी ओता, उलटा करून रात्रभर टांगा आणि बसवल्यावर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर न थांबता चालवून आणा.

आता ठिगळ लावायचं की बदलायचं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ घ्या आणि सायलेन्सरला पुढून मागे, विशेषतः खालच्या बाजूने, ठोकत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो. कुजलेला थप्प वाजतो, पिकलेल्या फणसासारखा. जिथे थप्प वाजेल तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोराने दाबा. आत गेलं तर तो पत्रा नव्हे, नुसता रंग आणि गंज आहे. भोक रुपयाएवढं आणि भोवती दोन बोटं पत्रा टणक असेल तर ठिगळ लावा, वर्ष-दीड वर्ष निघतं. भोवतीचं सगळंच मऊ असेल, किंवा सायलेन्सर उतरवून हलवल्यावर आत खुळखुळ वाजत असेल, तर वेल्डिंगवर एक रुपयाही घालवू नका. खुळखुळ म्हणजे आतली जाळी सुटली.

दुसऱ्या ठिगळानंतर सात महिन्यांनी मी पुन्हा आमच्या वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सायलेन्सर हातात घेऊन अंगठ्याने दाबला, भुगा खाली पडला. म्हणाले, "बाळा, ठिगळ लावायला निदान कापड तरी हवं ना. तुझे पैसे नकोत मला." असा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

ठिगळ असो की नवा, सायलेन्सर उतरवावा लागतोच. गाडीवर असताना वेल्डिंग करू देऊ नका. वर पेट्रोलची टाकी असते, शिवाय विजेच्या वेल्डिंगने सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जाण्याची भीती. आणि या उतरवण्यातच बहुतेकांचं बजेट बुडतं.

हेडमध्ये दोन स्टड (बिनडोक्याचे आट्यांचे बोल्ट) असतात, त्यांवर दोन नट. स्टड लोखंडी, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रोजचं तापणं-निवणं आणि वर चिखल. नट तिथे जाम होऊन बसतात. एका गॅरेजमध्ये पोराने पान्याला पाइप लावून जोर दिला आणि कट्ट असा आवाज आला. स्टड हेडच्या तोंडाशीच तुटला. मग ड्रिल तिरकं गेलं, लेथवाल्याकडे हेड न्यावं लागलं, आत बुश टाकून नवे आटे पाडले. सातशे रुपये गेले आणि दोन दिवस मेव्हण्याच्या स्कूटरवर पेपर टाकले. तेव्हापासून हे काम मी दुसऱ्याच्या हातात देत नाही.

माझी पद्धत अशी. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने स्टडचे बाहेर आलेले आटे घासून काढतो, मग गंज सोडवणारा स्प्रे मारतो. झोपण्याआधी पुन्हा एकदा. सकाळी गाडी दोन-तीन मिनिटंच चालू करून बंद करतो. नट कोमट हवा, हात भाजेल इतका नको, कारण स्प्रे पेट घेतो. मग दहा नंबरचा सहा कोनांचा बॉक्स पाना लावतो. बारा कोनांचा रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो, तो वापरू नका. पहिला जोर सोडायच्या दिशेने देत नाही. आधी नट किंचित, केसभर, आवळायचा. गंज तडकल्याचा बारीक टिक असा आवाज येतो आणि हाताला तो जाणवतोही. तो आला की पाव फेरी सोडायचा, त्याच्या निम्मा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. मध्ये पाना रबरासारखा पिळल्यागत वाटला, म्हणजे हात पुढे जातोय पण नट सुटत नाहीये, तर लगेच थांबा. तेव्हा स्टड पिळला जात असतो. पुन्हा स्प्रे मारा, चहा घ्या, तासाने या. माझा एक नट सुटायला दोन दिवस लागले, पण सुटला. कधी नटासोबत स्टडच बाहेर येतो. येऊ द्या, त्यात नुकसान नाही, नवा स्टड बसवता येतो.

दोन्ही नट निघाले की मगच मागचा बोल्ट काढा आणि सायलेन्सरला खालून हात द्या. काही गाड्यांत फ्लँजच्या, म्हणजे ज्या पट्टीवर ते नट बसतात तिच्या, आत दोन अर्धगोल कॉलर असतात, त्या टपकन खाली पडतात आणि घरंगळत जातात. आधीच खाली गोणपाट पसरा.

वेल्डिंगला देण्याआधी आतला गाळ-भुगा झटकून काढा आणि भोकाभोवतीचा रंग, गंज, क्रोम घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत साफ करा. हे मी घरी करतो, त्यामुळे मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि मजुरी कमी होते. कुजलेला भाग कापून टाकायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत. ठिगळ त्याहून चहूबाजूंनी बोटभर मोठं आणि कोपरे गोल. टोकदार कोपऱ्यातून पुन्हा तडा जातो. पत्रा साधा लोखंडी, अठरा किंवा वीस गेजचा. छपराचा जस्ती पत्रा उरलाय म्हणून तो लावू नका. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो त्याने वेल्डिंग करणाऱ्याला ताप भरतो.

साध्या विजेच्या वेल्डिंगने इतक्या पातळ पत्र्याला शिवण्यापेक्षा भोकंच जास्त पडतात. गॅस वेल्डिंग किंवा सीओटू वेल्डिंग करणारा शोधा. पितळ मारून घेतलं तरी पोटाला चालतं. माझ्या पहिल्या ठिगळाचे दोनशे रुपये झाले, २०२२ साली. एम-सील, कापडी पट्टी, शीतपेयाच्या डब्याचा पत्रा आणि क्लिप, हे सगळं मी लोकांच्या गाड्यांवर पाहिलंय. एम-सील त्या उष्णतेत जळून पापुद्रे होऊन पडतं. पत्रा आणि क्लिप गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती ठीक.

एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगा. सायलेन्सरच्या पोटाला, मागच्या बाजूला, एक बारीक भोक कारखान्यातूनच दिलेलं असतं. साचलेलं पाणी निघून जायची ती वाट. फुटलंय समजून मिस्त्री तेही बुजवतो. माझ्या पहिल्या ठिगळाच्या वेळी नेमकं तेच झालं, आणि नंतर त्याच जागेच्या आसपास पत्रा सगळ्यात आधी गेला. आता दर महिन्याला मी त्यात तार घालून ते मोकळं करतो.

नवा घ्यायचा तर जुना सोबत घेऊन दुकानात जा. शंभर सीसीच्या माझ्यासारख्या गाडीत बेंड पाइप आणि सायलेन्सर एकाच तुकड्यात येतो, त्यामुळे बोल्टचं भोक अर्धा सेंटिमीटर जरी सरकलं तरी पुढचा फ्लँज नीट बसत नाही. दोन्ही शेजारी ठेवून मापं बघा. हातात घेऊन वजन बघा. स्वस्त मालात पत्रा पातळ असतो आणि फरक हाताला कळतो. पट्टीचं वेल्डिंग सलग आहे की नुसते ठिपके मारलेत ते बघा. कंपनीचा मला २४०० सांगितला, लोकल ११५० ला मिळाला. मी लोकल घेतला, कारण गाडी अजून तीन-चार वर्षंच चालवायची आहे. गाडी नवी असती तर कंपनीचाच घेतला असता.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाडीला मात्र हा हिशेब लावू नका. तिच्या धुराच्या वाटेत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ऑक्सिजन सेन्सरही असतो. साधा लोकल सायलेन्सर लावलात तर धूर वाढतो, इंजिनाचा दिवा पेटू शकतो आणि पीयूसीची पंचाईत. अशा गाडीचा जुना सायलेन्सर भंगारात किलोवर देऊ नका. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात, त्याची किंमत वेगळी विचारा. आणि बदलतोच आहोत तर आवाजाचा लावू, असं मनात येत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे. दंडाचं सोडा, घराघरात आजारी माणसं झोपलेली असतात.

बसवताना हेडच्या तोंडात बोट घालून जुनी गॅस्केट निघाली का ते तपासा. ती काजळीत चिकटून हेडचाच भाग वाटते आणि लोक तिच्यावर दुसरी बसवतात, मग गळती तशीच. नवी गॅस्केट कणभर ग्रीसने चिकटवा, म्हणजे पाइप लावताना पडत नाही. स्टडला कॉपर ग्रीस लावा. नट मी पितळी घेतले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते स्टडवर गंजून जाम होत नाहीत. आता क्रम. दोन्ही नट हाताने फिरवून ठेवा, मागचा बोल्टही नुसता अडकवा. सायलेन्सर हलवून सरळ बसवा. मग पुढचे नट एकदा हा, एकदा तो असे थोडे थोडे आवळा. आखूड पान्याने, मनगटाच्या जोराने, बस. मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. तो आधी आवळला तर पाइप ताणात राहतो आणि काही महिन्यांत पट्टी तुटते.

ठिगळावर उष्णतेला टिकणारा काळा स्प्रे दोन पातळ हात मारा. साधा ऑइलपेंट पहिल्याच दिवशी जळतो. पहिल्या वेळी गाडी पाच मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, मग दहा मिनिटं, पुन्हा थंड. तेव्हा धूर निघतो, रंग भाजला जात असतो, घाबरू नका. पन्नास किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना पुढचे नट पुन्हा एकदा बघा. नवी गॅस्केट दबते, त्यामुळे माझे नट दर वेळी पाव फेरी तरी फिरले आहेत.

आता सकाळी गाडी चालू केली की त्या बारीक भोकातून खाली फरशीवर पाण्याचे चार-पाच थेंब पडतात. ते दिसले की मी गठ्ठे बांधायला घेतो.