खाऱ्या पाण्याच्या मासे-प्रवाळांच्या टाकीतलं फॉस्फेट : या चुका टाळा

दगडांवर केसाळ शेवाळ माजलंय आणि टेस्ट किट मात्र फॉस्फेट शून्य दाखवतंय? विश्वास ठेवू नका. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळ लगेच शोषून घेतं, किट फक्त उरलेलं मोजतं. हॅनाचा अल्ट्रा लो रेंज फॉस्फरस चेकर वापरत असाल, तर त्यावरचा आकडा फॉस्फरसचा असतो, तोही पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग). 20 दिसले तर 3.066 ने गुणून 1000 ने भागा, म्हणजे फॉस्फेट साधारण 0.06 पीपीएम (दशलक्ष भागांत किती भाग). हा हिशेब विसरून फॉस्फेट उतरवणारं औषध घालणारे पुष्कळ आहेत.

सगळ्यात महागात पडते ती घाई. 200 लिटरच्या टाकीत 0.5 पीपीएम म्हणजे पाण्यात जेमतेम 100 मिलिग्रॅम फॉस्फेट. खरा साठा दगडांत आणि वाळूत असतो. चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की सोडू लागतात. त्यामुळे जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे) लावल्यावर आकडा उतरतो आणि दोन-चार दिवसांत पुन्हा चढतो. माल खराब निघाला असं समजून लोक मात्रा दुप्पट करतात. कृपया असं करू नका, भोगतात ते टाकीतले जीव. फॉस्फेट झपकन उतरलं की प्रवाळ फिके पडतात. पार शून्यावर गेलं तर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर येऊ शकतो, आणि तो शेवाळापेक्षाही चिवट. सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा, दर तीन-चार दिवसांनी मोजा. दगड रिकामे व्हायला महिने लागतात. प्रवाळांच्या टाकीत 0.03 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान स्थिर राहिलं की पुरे. नुसते मासे असतील तर थोडं जास्तही चालतं.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही तपासा. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. टाकीसाठी डीआय (उरलेले क्षार काढणारा टप्पा) जोडलेला वेगळा आरओ घ्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 0 यायला हवा.

गोठवलेलं खाद्य चहाच्या गाळणीत धुतलं की काम झालं, असं वाटतं. धुवा जरूर, पण बहुतेक फॉस्फेट खाद्याच्या आतच असतं. दोन मिनिटांत मासे संपवतील तेवढंच घाला, आणि फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर अडकलेला गाळ तिथेच कुजतो.

सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) चीटो हे फॉस्फेट शोषणारं शेवाळ वाढवत असाल तर वाढलेला गुच्छ नियमित तोडून टाकीबाहेर काढा. तिथेच मेला तर शोषलेलं सगळं पाण्यात परत.