गाईड ठरवण्याआधी एक दुपार शोधगंगेवर

अर्थशास्त्रातली पीएच.डी. पदरात पडायला मला सात वर्षं तीन महिने लागले. तोवर पस्तिशी आली. पुढची तीन वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत, तास मोजत काढली. म्हणून आता कुणी "ताई, गाईड सुचवा" असा फोन केला की मी नाव सांगत नाही, आधी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, उघडायला लावते.

विद्यापीठ, मग अर्थशास्त्र विभाग, मग गाईडचं नाव. प्रबंधाच्या पानावर नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीख, असे रकाने असतात. कोरे असले तर प्रमाणपत्राचं पान बघा. आणि ऋणनिर्देश वाचाच. "आमच्या संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, सहकारी प्राध्यापक" यांचे आभार दिसले, की हा माणूस आधीच नोकरीत होता असं समजा. "माझे सगळे विद्यार्थी नोकरीला लागले" असं गाईड म्हणतात, त्यात असे किती ते वेगळे काढा. माझ्या गाईडच्या नऊ प्रबंधांपैकी सहा असे निघाले. मला हे कळलं चौथ्या वर्षी!

अर्धवट सोडून गेलेले तिथे दिसत नाहीत. ते विचारायचे कँटीनमध्ये, सीनियर्सना, गाईड आसपास नसताना: तुमच्याबरोबर कितीजणांनी नोंदणी केली होती, आणि आता कुठे आहेत?

मग पैसे. जेआरएफ, म्हणजे यूजीसीची संशोधनवृत्ती, मिळाली तर महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, पण सगळी मिळून पाचच वर्षं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, बायकांना त्यावर अजून दोन. सहाव्या वर्षी घरभाडं कोण देणार, हे पहिल्या वर्षी ठरवा.

वयाचं गणित उलटीकडून मांडा. खुल्या गटासाठी भारतीय आर्थिक सेवेची मर्यादा ३०, पीएच.डी. असली तरी. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अर्थशास्त्रज्ञांना मात्र पीएच.डी.मुळे ३४ पर्यंत सवलत मिळते. मी ही जाहिरात वाचली तेव्हा ३४ उलटून पाच महिने झाले होते.

नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, नोंदणीआधीच काढून टाका. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही; नेट-सेटवाला तुमच्याआधी पाच वर्षं रांगेत उभा असतो.

हे सगळं बघूनही त्याच गाईडकडे जायचं असेल तर जा. प्रस्तावाचा मसुदा मी वाचून देईन, रविवारी पाठवा.