सीएमई ऑफिसात नव्याने रुजू होताय? आधी डिस्क्लोजरचा फॉर्म काढून वाचा

भारतात एमबीबीएस, बीडीएस किंवा बीएएमएस करून अमेरिकेत आलेली आणि रेसिडेन्सीची वाट बघता बघता हॉस्पिटलच्या सीएमई (डॉक्टरांचं निरंतर वैद्यकीय शिक्षण) ऑफिसात लागलेली काही मराठी मंडळी मला भेटतात. मीही त्याच वाटेने आले. क्रेडिट कसं मोजायचं, ग्रँड राउंड्स म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यावर वेळ घालवत नाही.

एसीसीएमई म्हणजे सीएमई देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारी अमेरिकेतली संस्था. तिची नवी इंटिग्रिटी स्टँडर्ड्स, म्हणजे शिक्षण कंपन्यांच्या प्रभावापासून दूर ठेवण्याचे नियम, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. एकूण पाच आहेत. पाचही वाचा, पण घात होतो तो तिसऱ्यात, म्हणजे आर्थिक संबंध शोधून, हाताळून जाहीर करण्याच्या नियमात.

डिस्क्लोजरचा फॉर्म म्हणजे वक्ते आणि नियोजक कंपन्यांशी असलेले आपले आर्थिक संबंध लिहून देतात तो फॉर्म. जुन्या नियमांत त्यावर मागच्या १२ महिन्यांचे संबंध विचारायचे, जोडीदाराचेसुद्धा. आता २४ महिन्यांचे विचारायचे, आणि जोडीदाराचे नाहीत. फॉर्मवरचे हे आकडे सगळेच जण बदलून घेतात. प्रश्न मात्र तसाच राहतो: ‘या विषयाशी संबंधित तुमचा काही कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे का?’ डॉक्टर ‘नाही’वर खूण करतात, आपण फॉर्म फायलीला लावतो, आणि ती फाईल तिथेच नापास झालेली असते.

का, ते नीट समजून घ्या. संबंध या विषयाशी जुळतो की नाही हे वक्त्याने ठरवायचंच नसतं, ते आपण ठरवायचं असतं. वक्त्याने सगळेच संबंध सांगायचे. रुग्णांसाठीची औषधं, उपकरणं बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीशी असलेला संबंध, रक्कम कितीही लहान असो. हार्ट फेल्युअरवर बोलायला येणारे एखादे कार्डिओलॉजिस्ट डोळ्यांसमोर आणा. एका कंपनीच्या ट्रायलचे ते प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर (प्रमुख संशोधक) आहेत. पैसा हॉस्पिटलच्या खात्यात जातो, त्यांच्या खिशात दमडी येत नाही. ते अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितात. पण नियमाप्रमाणे तो संबंध सांगायलाच हवा, ग्रँट संस्थेने घेतली आणि संस्थेनेच सांभाळली तरीही. माणूस खोटं बोललेला नाही, आपला प्रश्न चुकीचा आहे.

फेरमान्यतेच्या वेळी एसीसीएमई पंधरापर्यंत ॲक्टिव्हिटी स्वतः निवडते आणि त्यांचे पुरावे मागते. आमच्याकडे निवडल्या गेलेल्यांत असे फॉर्म निघाले. मी रुजू होण्याआधीचे होते, पण उत्तर मलाच द्यावं लागलं. तो काळ आठवला की अजून पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट तारखांची. आधी संबंध गोळा करायचे, मग जुळतात का ते ठरवायचं, मग मिटिगेशन (त्या संबंधाचा मजकुरावर परिणाम होऊ नये म्हणून केलेली उपाययोजना), मग श्रोत्यांना सांगायचं. मिटिगेशन त्या माणसाने भूमिका हाती घेण्याआधी झालेलं हवं. प्लॅनिंग कमिटीतल्या माणसासाठी याचा अर्थ कमिटीच्या कामाआधी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्हे. इथे भलेभले अडकतात. वक्त्याच्या स्लाइड्स संबंध नसलेल्या सहकाऱ्याने तपासल्या असतील, तर त्याची ईमेल व्याख्यानाआधीच्या तारखेची असली पाहिजे. नंतर भरलेला तक्ता कितीही सुबक असो, त्याची किंमत शून्य. आणि कंपनीचा मालक किंवा नोकरदार असेल तर मिटिगेशनचा प्रश्नच येत नाही. तीन ठरावीक अपवाद सोडले, तर त्याला मजकुरापासून दूरच ठेवायचं.

घाबरू नका. एखाद्या निकषात कमी पडलात म्हणून मान्यता लगेच जात नाही. सुधारणा करून प्रोग्रेस रिपोर्ट द्यायला सांगतात, आणि तो देता येतो, आम्ही दिला. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाला एवढं सगळं लागतही नाही. विषय वैद्यकीय उपचारांचा नसेल, समजा नेतृत्व किंवा संवादकौशल्य असेल, तर हे संबंध गोळा करण्याची गरजच नाही. हे कळेपर्यंत लोक उगाच फॉर्मांचे ढीग जमवत बसतात.

आता शॉर्टकटबद्दल. ओपन पेमेंट्स या, कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या पैशांची नोंद असलेल्या सरकारी वेबसाइटवर डॉक्टरचं नाव टाकून बघायचं आणि तोच डिस्क्लोजर मानायचा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. तिथली माहिती मागच्या वर्षांची असते, आणि प्रत्येक कंपनी तिथे असतेच असं नाही. उलटतपासणीला ती छान, डिस्क्लोजरऐवजी नाही. तयार टेम्प्लेट विकणाऱ्या सल्लागारांवरही माझा विश्वास नाही. ज्या बाईंनी स्वतः एक फेरमान्यता पार पाडली आहे, मग त्या शेजारच्या छोट्या हॉस्पिटलातल्या कोऑर्डिनेटर का असेनात, त्यांच्याजवळ तासभर बसा. माझ्या हातात पहिल्यांदा बळ आलं ते अशाच एका बाईंमुळे. तुमच्या हॉस्पिटलला स्टेट मेडिकल सोसायटीने मान्यता दिली असेल तरी स्टँडर्ड्स हीच आहेत, त्यामुळे तिथल्या माणसांनाही बिनधास्त विचारा.

श्रोत्यांना सांगताना कंपनीचं नाव आणि संबंधाचा प्रकार लिहा, मिटिगेशन झालंय हेही लिहा. ज्यांचा काहीच संबंध नाही त्यांचंही तसं लिहा. लोगो टाकू नका.

आणि फॉर्मवरचा तो प्रश्न आजच बदला: ‘मागील २४ महिन्यांत रुग्णांसाठीची उत्पादनं बनवणाऱ्या, विकणाऱ्या किंवा वितरित करणाऱ्या कंपन्यांशी असलेले तुमचे सर्व आर्थिक संबंध लिहा, रक्कम कितीही असो. ते विषयाशी जुळतात का, ते आम्ही ठरवू.’ फॉर्म हातात आल्याशिवाय वक्त्याचं नाव फ्लायरवर छापू नका, मग तो विभागप्रमुख का असेना.