कुत्र्याला युरोपात नेताना: आधी चिप, मग लस

बडोद्याहून कुत्र्याला जर्मनीला न्यायचे ठरले की दांडिया बाजारात भेटणारा प्रत्येक जण पिंजरा आणि तिकीट यांविषयीच बोलतो. ती कामे शेवटची. घरचे आणि नात्यातले मिळून चार कुत्रे मी आजवर पाठवले. खोळंबा झाला तो प्रत्येक वेळी तारखांपायी.

प्रथम पंधरा अंकी ओळख-क्रमांकाची, आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मायक्रोचिप कातडीखाली बसवून घ्यावी. रेबीजची लस त्याच दिवशी किंवा त्यानंतर टोचावी. चिपच्या आधीची लस युरोपीय संघ जमेस धरत नाही. पहिल्या वेळी ‘लस झालीच आहे, चिप केव्हाही बसवता येईल’ हा सल्ला मी मानला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

खरी कसोटी रक्ताच्या चाचणीची. भारत संघाच्या सवलतीच्या यादीत नसल्यामुळे रेबीजच्या प्रतिपिंडांचे (लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांचे) प्रमाण मोजून घ्यावे लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचे, ते संघाने मान्यता दिलेल्याच प्रयोगशाळेत तपासायचे, आणि प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरायला हवे. त्यानंतर तीन महिने थांबायचे, तेही अहवालाच्या नव्हे, रक्त घेतल्याच्या तारखेपासून. म्हणजे लसीपासून चार महिने गेलेच. ‘ओळखीने लवकर होईल’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. रक्त घेताना डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगावे आणि त्यावरचा क्रमांक नळीवरच्या चिठ्ठीशी एकेक अंक मोठ्याने वाचून ताडावा. आमच्या चिठ्ठीवर शेवटून तिसरा अंक ८ ऐवजी ३ पडला होता. अहवाल उत्तम आला, पण कागदोपत्री तो दुसऱ्याच कुत्र्याचा ठरला. बूस्टर मुदतीत देत राहिल्यास ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही. मुदत टळली की मात्र लागते.

आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाचेच लागते, आणि ते दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोहोचावे लागते. ते देणाऱ्या केंद्राच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) सेवेचे मुंबईतले कार्यालय आपल्याला जवळचे, तेव्हा विमानही मुंबईचेच धरावे. स्वतःच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर ठेवू नये.

पिंजऱ्यात कुत्र्याला उभे राहता आणि वळता यावे. पिंजरा महिनाभर आधीच घरात उघडा ठेवून आत आपली जुनी चादर अंथरावी. झोपेचे औषध मात्र मुळीच देऊ नये.