सुई किती खोल? चेहऱ्यासाठी मायक्रोनीडलिंग आणि कॉस्मेटिक अ‍ॅक्युपंक्चर करून घेण्याआधी

मुरमांचे खड्डे भरायचे असोत की चाळिशीनंतर सैल वाटू लागलेला चेहरा असो, दोन्हींवर हल्ली सुयांचा उपाय सुचवला जातो. पण या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुया त्वचेत हजारो वेळा क्षणभर शिरून बाहेर येतात, आणि त्या इजा भरून काढताना शरीर नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार करतं. कॉस्मेटिक अ‍ॅक्युपंक्चरमध्ये मोजक्याच सुया ठरावीक बिंदूंवर लावतात आणि वीस ते तीस मिनिटं तशाच ठेवतात. पहिल्याचं सगळं गणित मिलिमीटरच्या दशांशांत असतं. ते समजलं की क्लिनिकमध्ये काय विचारायचं, कुठे नको म्हणायचं आणि घरचा सुयांचा रोलर का टाकून द्यायचा, हे आपोआप कळतं.

आधी तक्रार ओळखा

खिडकीजवळ, बाजूने उजेड पडेल असं उभं राहा आणि गालाची त्वचा दोन बोटांनी ताणा. ताणल्यावर सपाट होणारे पसरट खड्डे मायक्रोनीडलिंगने चांगले सुधारतात. उभ्या कडांचे खड्डे उथळ असतील तर फरक पडतो, खोल असतील तर थोडाच. टाचणीने भोसकल्यासारखी अरुंद, खोल भोकं मात्र या उपचाराने जवळजवळ हलत नाहीत; त्यांच्या तळाशी तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक) आम्लाचा थेंब टेकवण्याची वेगळी पद्धत आहे आणि ती त्वचारोगतज्ज्ञानेच करायची असते. काही खड्डे खालच्या तंतूंनी आत ओढून धरलेले असतात. तिथे आधी ते तंतू सुईने कापावे लागतात. त्याला सबसिजन म्हणतात. तंतू न कापता वरून कितीही सुया फिरवल्या तरी खड्डा तसाच राहतो, आणि ‘सहा सेशन केली, काही झालं नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

बारीक सुरकुत्या, मोठी दिसणारी रंध्रं आणि खडबडीत पोत यांतही मायक्रोनीडलिंगने सुधारणा दिसते. लोंबणारी हनुवटी किंवा गळ्याची सैल कातडी यांवर त्याची फारशी अपेक्षा धरू नका. वांग असेल तर आधी सनस्क्रीन आणि लावायची औषधं. सुयांचा विचार त्यानंतर, तोही डॉक्टरांनी सुचवला तरच.

कोणी थांबावं

चेहऱ्यावर पिकलेली मुरमं, पुरळ, चामखीळ किंवा कुठलाही संसर्ग असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत थांबा. रोलर चामखिळीवरून गेला की विषाणू त्याच्या वाटेवर पेरले जातात आणि ओळीने नव्या चामखिळी उठतात. कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस (खाजऱ्या, जांभळट पुळ्यांचा त्वचाविकार) असलेल्यांना जिथे इजा होते तिथे नवा चट्टा येण्याचा धोका असतो. जखम भरल्यावर जाड, उंच वण उठण्याची प्रवृत्ती असेल तर छाती-खांद्यावरचा जुना वण डॉक्टरांना दाखवा आणि हा उपचार टाळा. ओठांच्या कडेला वारंवार पाण्याचे फोड येत असतील, म्हणजे हर्पीसचा त्रास असेल, तर ते आधीच सांगा. प्रतिबंधक गोळ्या सुरू करून मगच सुया लावतात. रक्त पातळ करणारी औषधं, आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपण आणि सुरू असलेली केमोथेरपी या गोष्टीही लपवू नका.

मुरमांवरची आयसोट्रेटिनोइनची गोळी घेणाऱ्यांना पूर्वी सहा महिने थांबायला सांगत. आता तज्ज्ञांचं मत बदललं आहे आणि मायक्रोनीडलिंगसाठी इतकं थांबण्याची गरज मानली जात नाही. तरी गोळी सुरू आहे हे सांगायलाच हवं, कारण त्या काळात त्वचा कोरडी आणि हळवी असते.

खोलीचा हिशेब

चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. कोलॅजन त्याच्या खालच्या थरात तयार होतं. म्हणून ०.२ किंवा ०.२५ मिलिमीटरची सुई फक्त क्रीम आत शिरायला मदत करते, खड्डे भरत नाही. खड्ड्यांसाठी १.५ ते २ मिलिमीटरपर्यंत जावं लागतं, तेही गालांवर, जिथे खाली मांस आहे. कपाळ, गालाचं हाड आणि जबड्याची कड इथे त्वचेखाली लगेच हाड लागतं. तिथे साधारण ०.५ ते १ मिलिमीटर पुरे. डोळ्यांभोवती ०.२५ ते ०.५, पापणीवर काहीच नाही. संपूर्ण चेहऱ्यावर एकच आकडा लावून फिरवणारा माणूस काम जाणत नाही, असं आम्ही सरळ म्हणू. हाडावर खोल रोलर जोरात दाबला तर रुळांसारखे समांतर ओळींचे वण उठतात. हा दुष्परिणाम वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेला आहे आणि तो मूळच्या खड्ड्यांपेक्षा वाईट दिसतो.

या पद्धतीची सुरुवातही वणांपासूनच झाली. १९९५ मध्ये ऑरेनट्राइख पिता-पुत्रांनी सबसिजनचं तंत्र मांडलं. १९९७ मध्ये कॅनडातल्या कॅमिरांड आणि डुसे यांनी शाई न भरता गोंदणयंत्र फिरवून वण सुधारतात असं दाखवलं. पुढे केप टाउनचे प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर घडवला. आज वैद्यकीय रोलरमध्ये बहुधा १९२ सुया असतात. रोलरची सुई तिरकी शिरते आणि तिरकीच निघते. पेन म्हणजे मोटरवर चालणारं, हातात धरायचं यंत्र; त्याची सुई सरळ वर-खाली होते आणि जागेनुसार खोली बदलता येते. त्यामुळे चेहऱ्यासाठी आम्ही पेनच सुचवू, अट एवढीच की सुयांचं टोक प्रत्येकासाठी नवं असावं आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेलं असावं.

या अटीत सूट नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये रक्तातला प्लाझ्मा वापरून केलेल्या अशाच ‘व्हॅम्पायर फेशियल’मधून ग्राहकांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचं तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये नोंदवलं. प्लाझ्मासह उपचार घेणार असाल तर रक्त काढल्याबरोबर नळीवर तुमचं नाव लिहिलं जातं का, हेही बघा.

त्या दिवशी

पाच ते सात दिवस आधी रेटिनॉल, ट्रेटिनोइन, ग्लायकॉलिक वा सॅलिसिलिक आम्लाची उत्पादनं बंद करा. वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि ब्लीचही नको. समोरून आणि दोन्ही बाजूंनी, एकाच उजेडात, मेकअप न करता फोटो काढून ठेवा.

भूल देणारं क्रीम सहसा २.५ टक्के लिडोकेन आणि २.५ टक्के प्रायलोकेनचं असतं. ते ४५ ते ६० मिनिटं ठेवतात आणि सुई लावण्याआधी पूर्ण पुसतात. राहिलेलं क्रीम सुयांबरोबर आत गेलं तर त्रास होतो. जास्त तीव्रतेचं, लेबल नसलेल्या डबीतलं क्रीम लावत असतील तर नकार द्या. कानात गुणगुण, तोंडाभोवती मुंग्या, ओठ निळसर पडणं किंवा गरगरणं यांपैकी काहीही जाणवलं तर लगेच सांगा. त्वचा निर्जंतुक करायला क्लोरहेक्झिडिन वापरत असतील तर ते डोळ्यांत जाता कामा नये, बुबुळाला इजा होते.

नीट केलेलं काम असं दिसतं: एका हाताने त्वचा ताणलेली, पेन काटकोनात, मध्ये निर्जंतुक हायल्युरोनिक जेलचा पातळ थर. आडवं, उभं आणि दोन्ही तिरक्या दिशांनी काही फेऱ्या होतात. रोलर असेल तर दिशा बदलताना तो उचलतात, त्वचेवर टेकलेला असताना वळवत नाहीत. वळवला की ओरखडे पडतात. खड्ड्यांच्या जागी रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे सारखे थेंब आले की थांबायचं. सुरकुत्यांसाठी तर नुसती लाली पुरते. रक्ताच्या धारा लागणं म्हणजे उपचार ‘चांगला बसला’ असं मुळीच नाही. पुढे सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने पुसतात, आणि बस्स. सुया फिरवण्याआधी किंवा लगेच नंतर व्हिटॅमिन सीचं सौंदर्यप्रसाधन लावू देऊ नका. वरून लावायला बनवलेली सीरम सुयांनी आत ढकलल्यामुळे चेहऱ्यावर दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठी आल्याच्या नोंदी आहेत.

नंतरचे सात दिवस

पहिला दिवस ऊन लागल्यासारखी लाली आणि घट्टपणा असतो. एक ते तीन दिवसांत तो ओसरतो, मग बारीक कोंडा सुटतो. तो खरवडू नका. त्या दिवशी चेहऱ्याला फक्त स्वच्छ पाणी आणि साधं, सुवास नसलेलं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास मेकअप, जिम, पोहणं, वाफ आणि घाम येईल असं काम टाळा. आम्लं आणि रेटिनॉल आठवडाभर नको.

घरगुती उपायांचा मोह इथेच होतो. हळद, बेसन, लिंबू, मुलतानी माती, कुंडीतली ताजी कोरफड यांपैकी काहीही आठवडाभर लावू नका. एरवी यांतल्या काही गोष्टी निरुपद्रवी असतील, पण छिद्रं उघडी असताना जंतू आणि चीक थेट आत पोचतात. म्हणूनच लग्न ठरलं असेल तर शेवटचं सेशन हळदीच्या किमान चार आठवडे आधी संपवा. होळी-रंगपंचमीच्या तोंडावरही सेशन घेऊ नका.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची खरी काळजी म्हणजे नंतर उमटणारे काळे डाग. लेसरच्या तुलनेत मायक्रोनीडलिंगमध्ये हा धोका कमी आहे, कारण वरचा थर जळत नाही. कमी आहे, शून्य नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरणांपासून संरक्षण देणारं (ब्रॉड-स्पेक्ट्रम) सनस्क्रीन दुसऱ्या दिवसापासून, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी, शिवाय टोपी किंवा ओढणी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी बाहेर काम असेल तर उपचार पावसाळ्यावर ढकलणं शहाणपणाचं.

लाली तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली, पू दिसला, पाण्याचे फोड आले किंवा ताप आला तर फोनवर सल्ला न घेता डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.

घरी वापरायच्या रोलरबद्दल एवढंच: ०.२५ मिलिमीटरपेक्षा लांब सुयांचा घेऊ नका, दुसऱ्याला देऊ नका आणि खरं तर घेऊच नका. काही वापरांत सुया बोथट होऊन वाकतात आणि टोचण्याऐवजी फाडतात.

अ‍ॅक्युपंक्चर कुठे बसतं

ही पद्धत भारतात आली ती डॉ. बिजॉय कुमार बसू यांच्याबरोबर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात बसू होते. पुढे ते पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात वापरू लागले. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आहे आणि त्याखाली परिषद आहे, त्यामुळे इथे उपचारकाची नोंदणी विचारणं हा तुमचा हक्क आहे. जरूर विचारा.

चेहऱ्यासाठी ०.१२ ते ०.२० मिलिमीटर जाडीच्या, एकदाच वापरायच्या सुया लागतात. नाकपुडीच्या कडेचा यिंगशियांग, ओठांच्या कोपऱ्यालगतचा दीचांग, जबड्याच्या स्नायूवरचा ज्याछ, भुवयांमधला यिनतांग हे नेहमीचे बिंदू, सोबत हाताच्या अंगठ्याजवळचा हगू आणि गुडघ्याखालचा त्सूसानली. हगू आणि घोट्याच्या वरचा सानयिनज्याव परंपरेने गरोदरपणात टाळतात. सुई बहुधा तिरकी, त्वचेखालून सरकवली जाते. डोळ्याच्या खोबणीत उतरणारे बिंदू सौंदर्यासाठी लावूच नयेत.

आठवड्याला एक-दोन असे दहा-बारा सेशन सांगितले जातात. पुरावा मात्र तोकडा आहे. कोरियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन आठवड्यांत पाच सेशननंतर चेहऱ्याच्या त्वचेचा लवचिकपणा सुधारलेला दिसला, पण अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दातांवर दात आवळण्याने ताणलेला जबडा सैल होणं, चेहरा तात्पुरता तजेलदार दिसणं, एवढी अपेक्षा ठेवून गेलात तर निराश होणार नाही. खड्डे यात भरत नाहीत.

उपाशीपोटी जाऊ नका आणि आडवं झोपूनच सुया लावून घ्या, बसून चक्कर येण्याची शक्यता जास्त. सुई काढताच कोरड्या कापसाने अर्धा मिनिट दाबलं तर काळं-निळं पडणं बरंच टळतं. तरी डोळ्यांजवळ डाग उठू शकतो आणि तो आठ-दहा दिवस टिकतो, म्हणून समारंभाच्या आठवड्यात हा उपचार ठेवू नका. बोटॉक्स किंवा फिलर घेतलं असेल तर निदान दोन आठवडे त्या जागेवर कुठलीही सुई नको.

दोन्ही उपचार करायचे असतील तर एकाच दिवशी करू नका. मायक्रोनीडलिंगनंतर त्वचा पूर्ण शांत व्हायला दोन आठवडे द्या, मग अ‍ॅक्युपंक्चर. मायक्रोनीडलिंगची सेशन चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने घ्या, एकूण तीन ते सहा. नवं कोलॅजन मुरायला महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांतला फुगीर, गुळगुळीत चेहरा हा बराचसा सुजेचा असतो. सहा सेशनचे पैसे एकदम भरू नका. तिसरं झाल्यावर तीन महिने थांबा, त्याच उजेडात पुन्हा फोटो काढा आणि जुन्यांशेजारी ठेवून डॉक्टरांसोबत बघा. गालावरचे पसरट खड्डे उथळ झालेले दिसत नसतील तर चौथं सेशन घेण्याऐवजी सबसिजनबद्दल विचारा.